तिसऱ्या नंबरावर सिॲटल

"वहिनी, आईचे झोपेतले ठोके परवापासून वाढलेत. तुला काही वेगळं जाणवलं का गं?"

सकाळचे सात. एका शेगडीवर चहा, दुसरीवर तवा आणि मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला फोन. आमचे सात म्हणजे धाकट्या दिराची आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेसहा. ऑफिस आटोपून घरी जाताना सिॲटलच्या बसमध्ये बसून त्यानं सांगलीतल्या आपल्या आईची रात्र उघडून बघितली होती. त्याच आईच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत मी झोपते, आणि मला काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. आदल्या रात्री त्या अर्धी भाकरी नि दोडक्याची भाजी जेवल्या, बातम्यांमधल्या कुणाला तरी नावं ठेवली, गोळ्या घेतल्या आणि झोपल्या. आत्ता त्या अंगणात वाकून पारिजातकाची फुलं वेचत होत्या. खिडकीतून हाक मारून विचारलं, तर "मला काय धाड भरलीय?" असं उत्तर आलं. तेच जरा सौम्य करून मी पुढे कळवलं.

दोन दिवसांनी थंडी वाजून ताप भरला. लघवीतलं इन्फेक्शन. या वयात ते कधी कधी असं गुपचूप येतं म्हणे; जळजळ नाही, दुखणं नाही, एकदम अंग तापतं. मग रिक्षा, मिरजेचा दवाखाना, लॅबमधली ती निळ्या झाकणाची बाटली, माझी अर्ध्या दिवसाची रजा, दुपारी पेज, रात्री उशाशी थर्मामीटर. आठवड्याभरात सगळं आटोक्यात आलं. आकडा मात्र खरा ठरला होता आणि ते नाकारायचं काही कारण नव्हतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशी, आत्या, पुण्याची नणंद, सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. "घड्याळ होतं म्हणून बरं झालं."

घड्याळ होतं. मीही होते.

ते घड्याळ गेल्या डिसेंबरात दिराच्या बॅगेतून आलं, बदाम-पिस्त्यांच्या पाकिटांबरोबर. काळी चौकोनी काच, पांढरा रबरी पट्टा. सांगलीतल्या स्वयंपाकघरात पांढरा पट्टा वापरायचा हा निर्णय परदेशात बसूनच घेता येतो. महिन्याभरात तो हळदीनं असा काही रंगला की आता मूळ रंग सांगावा लागतो. आईंना घड्याळाचं वावडं नव्हतं. त्यांना खटकला तो मागचा हिरवा दिवा. रात्री पांघरुणाखाली लुकलुकतो. "हे काय जागंच असतं का?" असतंच. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त थोडं जास्त भरतं, त्या क्षणी परत येणारा उजेड थोडा कमी होतो, आणि घड्याळ हे कमी-जास्त सतत टिपत राहतं. युक्ती साधी आहे, पण तिला कातडी स्वच्छ लागते, पट्टा घट्ट लागतो आणि हात शक्यतो स्थिर लागतो. आईंच्या बाबतीत पहिल्याच अटीला गाडी अडली. त्यांच्या डाव्या मनगटावर गोंदण आहे. लहानपणी आजोळच्या जत्रेत काढलेलं तुळशीवृंदावन, आता पसरून हिरवट-काळं झालेलं. उजेड त्या शाईतच जिरायचा आणि घड्याळ म्हणायचं, मी हातात नाहीच. दीर दोन तास सेटिंग बदलत बसला. आई म्हणाल्या, "वर जाताना गोंदणच तेवढं बरोबर येतं म्हणायचे. यानं खालीच अडवलं."

मग घड्याळ उजव्या हातात गेलं. उजवा हात म्हणजे भाकऱ्यांचा हात. आमच्याकडे दोन्ही वेळा भाकरी लागते आणि ती आईच थापतात, त्यावर चर्चा नाही. पावलं मोजणारा सेन्सर खरं तर हाताचे हेलकावे मोजतो आणि त्यावरून पायांचा अंदाज बांधतो. त्यामुळे आई परातीपुढे उभ्या राहून भाकऱ्या थापतात तेव्हा घड्याळाच्या लेखी त्या चांगल्या झपझप चालत असतात. उलट, आमराईत फिरायला गेल्यावर दोन्ही हात पाठीमागे गुंफून चालायची त्यांची सवय. त्या फेऱ्यांतल्या बऱ्याचशा पावलांची नोंदच होत नाही. गणपतीत तर बहार आली. पाच आरत्या, मग देवे, मग घालीन लोटांगण, सगळं टाळ्या वाजवत, एका जागी. मंत्रपुष्पांजलीच्या ऐन मध्यात मनगटावर थरथर झाली आणि काचेवर रंगीत आतषबाजी. रात्री दिराचा फोन. "आई, आज सात हजारांच्या वर! कुठे गेली होतीस?" आई म्हणाल्या, "कुठे जातेय! देवापुढे उभी होते."

त्यानं लक्ष्य दहा हजारांचं ठेवलं होतं. सगळेच ठेवतात. हा दहा हजारांचा आकडा एखाद्या मोठ्या संशोधनातून आला असेल असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. तो आला जपानमधून. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तिथे चालण्याची हवा होती, आणि १९६५ मध्ये एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. छान गोल आकडा, छान खपला. आईंच्या वयाच्या बायकांवरचा खरा अभ्यास फार नंतरचा. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १६,७४१ वयस्कर स्त्रियांच्या पावलांचा हिशेब मांडला. सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि साधारण ७,५००च्या पुढे फायदा वाढायचा थांबला. हे मी दिराला कळवलं तेव्हा त्यानं मुकाट्यानं लक्ष्य पाच हजारांवर आणलं. त्याचा हा गुण मला आवडतो. कागद दाखवला की ऐकतो.

पण कागदावर न येणारं एक प्रकरण होतं. ते झोपेचं.

"आई, रोज रात्री दोन ते तीन जागी असतेस. काय करत असतेस?" हा प्रश्न त्यानं व्हिडिओ कॉलवर विचारला, आम्ही सगळे हॉलमध्ये बसलेलो असताना. आईंनी पदर सारखा केला, म्हणाल्या, काही नाही रे, वय झालं. विषय संपला. त्या रात्रीपासून घड्याळ झोपायच्या आधी देवघराशेजारच्या प्लगला चार्जिंगला लागायला लागलं आणि सिॲटलच्या पडद्यावरच्या रात्री कोऱ्या झाल्या. आई दोन वाजता काय करतात ते मला माहीत आहे. सासरे गेल्यापासून माहीत आहे. त्यांच्या दाराखालून उजेडाची पट्टी दिसते. त्या उठून पलंगावर बसतात आणि सासऱ्यांनी अर्धवट सोडलेली शब्दकोडी सोडवतात. त्यांनी पेपरातून कापून ठेवलेल्या कात्रणांचा एक जाड गठ्ठा आहे. एकदा पाणी प्यायला उठले तेव्हा दार जरासं उघडं होतं म्हणून दिसलं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. सकाळी मी फक्त चहा थोडा उशिरा ठेवते. एकत्र राहायचं तर काही गोष्टी दिसूनही न दिसल्यासारख्या ठेवाव्या लागतात. हे कुणी शिकवत नाही, सून म्हणून घरात आलं की वर्षा-दोन वर्षांत आपोआप येतं. घड्याळाला ही रीत नाही. त्याला जे दिसतं ते ते सांगून टाकतं, तेही समुद्रापलीकडे.

आणि तरी मी दिराला दोष देऊ शकत नाही. तो तिथे काय करतो? सकाळी उठून हवामान बघावं तसं आईचे आकडे बघतो. त्याच्याकडे दुसरं आहे काय? आमच्याकडे आईंच्या खोकल्याचा आवाज आहे, जिन्यावरच्या चपलांचा आवाज आहे, ताटात किती भात उरला ते आहे. त्याला फोनवर फक्त "मी बरी आहे" मिळतं, आणि ते वाक्य आई ताप असतानाही त्याच सुरात म्हणतात. वीस वर्षं ते एकच वाक्य ऐकलेल्या माणसाच्या हाती अचानक रात्रीचे ठोके आले तर तो ते सोडेल कशाला? कधी कधी मला वाटतं, ते घड्याळ आईंच्या तब्येतीपेक्षा त्याच्या तब्येतीसाठी जास्त आहे. आणि त्यातही काही वाईट नाही.

त्यानंच मला एक गोष्ट पाठवली होती, या विषयावरची त्याची लाडकी. स्टॅनफर्डचे मायकेल स्नायडर हे जनुकशास्त्रज्ञ अंगावर एकाच वेळी बरीच यंत्रं बाळगून फिरतात. नॉर्वेला जाताना विमानात त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन उतरला. विमानात तसं होतंच. पण उतरल्यावरही तो पूर्ववत होईना आणि ठोके चढलेले. त्याआधी ते मॅसॅच्युसेट्सच्या ग्रामीण भागात राहून आले होते, गोचिडीतून होणाऱ्या लाइम आजाराच्या टापूत. ताप यायच्या आधीच त्यांनी ताडलं, तिथल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक मिळवलं, आणि पुढच्या तपासणीत निदान खरं निघालं. २०१७ मध्ये त्यांच्या गटानं हे सगळं शोधनिबंधात मांडलं. मुद्दा असा की 'सर्वसाधारण माणसाचे ठोके किती' याला फारसा अर्थ नाही. तुमचे स्वतःचे रोजचे किती आणि आज त्यापासून किती ढळले, ते बघा. हे मला पटतं. आईंचे ठोके वाढले होते ते त्यांच्याच नेहमीच्या मानानं. दवाखान्यात कुणी मोजले असते तर 'नॉर्मल' म्हणून सोडून दिले असते.

मात्र स्नायडर यांच्या गोष्टीत शरीर त्यांचं, आकडा त्यांचा, वाचणारे ते, अर्थ लावणारे ते आणि डॉक्टरकडे जाणारेही तेच. आमच्या घरात या एका माणसाची तीन माणसं झाली आहेत. शरीर आईंचं, आकडा दिराकडे, रिक्षा माझ्याकडे. आकड्याचा प्रवास स्वस्त झालाय, अर्ध्या सेकंदात सांगलीहून सिॲटल. पेज करायला अजूनही तेवढाच वेळ लागतो आणि ती सांगलीतच करावी लागते. 'वैयक्तिक आरोग्य' म्हणून जे काही विकलं जातं त्याच्या जाहिरातीत नेहमी एकटा धावणारा माणूस असतो. मागे समुद्र, पुढे सूर्य. त्याच्या घरी भाजी कोण निवडतं ते त्यात येत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांना मी घड्याळातले आलेख दाखवले. त्यांनी ठोक्यांचा नीट पाहिला, रक्तदाबाचा बाजूला सारला. "मनगटावरचा नको. दंडाला पट्टा बांधतात त्या मशिनवर घेत जा. सकाळी औषधाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसवून, दोनदा. वहीत लिहा." ते मशीन आमच्या कपाटात सासऱ्यांच्या वेळचं होतंच, फक्त सेल बदलावे लागले. आता सगळ्यांत उपयोगी पडणारी वस्तू तीच आहे. तिला ॲप नाही आणि सिॲटलला तिचा पत्ताही नाही. शेजारच्यांनी ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त घड्याळात तर शुगरसुद्धा दिसते, सुई नाही, काही नाही. मनगटावर घालून नुसत्या उजेडानं साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं नि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, मान्यता दिलेली नाही, असा जाहीर इशारा त्या संस्थेनं फेब्रुवारी २०२४ मध्येच दिलाय. दंडाला चिकटवतात ते सेन्सर वेगळे. त्यांची बारीक तार कातडीखाली जाते, आणि म्हणून ते मोजू शकतात. शेजारच्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अहो, पण बरोबर येतंय की!" कशाशी पडताळून, ते त्यांनी सांगितलं नाही.

आईंना मधुमेह आहे, आणि आई काटकुळ्या आहेत. त्यामुळे ॲपमध्ये उंची-वजन भरल्यावर हिरवी खूण आली तेव्हा मला हसू आलं. 'तुमचं वजन योग्य आहे.' पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक प्रसिद्ध फोटो आहे, २००४च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला. शेजारी उभे आहेत त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर हे जन्मापासूनच दिसलं, कमी वजनाच्या बाळांच्या अंगात तुलनेनं जास्त चरबी. म्हणून तर आपल्याकडचे डॉक्टर जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३वर ओढतात. ॲप माझं नाव घेऊन मला गुड मॉर्निंग म्हणतं, माझी रास विचारायची तेवढी बाकी ठेवलीय. पण 'योग्य' कशाला म्हणायचं ते कुठल्या शरीरांवरून ठरवलंय, ते कुठेच लिहिलेलं नसतं. काटकुळ्या आईंची हिरवी खूण अजून तशीच आहे. दरवेळी ॲप उघडलं की ती मला खुपते.

आणि मग नवरात्रात तो घोळ झाला. आई उपासाचे दाणे कुटत होत्या. मिक्सरमध्ये ते तेलकट होतात म्हणून खलबत्त्यात, जमिनीवर बसून, जोर लावून. कुटून झाल्यावर हात मांडीवर ठेवून दमून बसल्या असणार. जोराचा दणका आणि लगेच शांतता, एवढ्यावरून घड्याळानं ठरवलं की बाई पडल्या. त्यानं काचेवर इंग्रजीत विचारलंही, पडलात का म्हणून. पण चष्मा कपाळावर होता. मग त्यानं परस्पर निरोप धाडला. सकाळचे साडेअकरा, सिॲटलला रात्रीचे अकरा. दिरानं आईंना फोन लावला, तो हॉलमध्ये वाजत राहिला. मला लावला, मी बँकेत काउंटरवर, फोन ड्रॉवरमध्ये. नवऱ्याला लावला, तो कुपवाड एमआयडीसीत मशिनच्या आवाजात. अखेर नवऱ्यानं कधीतरी फोन पाहिला, बँकेच्या लँडलाइनवर मला गाठलं, मी शेजारच्या काकूंना गाठलं. काकूंकडे आमच्या मागच्या दाराची किल्ली असते. त्या धापा टाकत आत शिरल्या, तर आई कुटाची चव बघत होत्या. "पडले नाही गं, कुटतेय. घे, थोडं घेऊन जा."

आई खरंच पडल्या असत्या तर, हा विचार त्या रात्री आम्हा तिघांच्या मनात एकदमच आला असावा, कारण तिकडून दिराचा आणि इकडून आमचा फोन एकाच वेळी एकमेकांना लागत नव्हता. घड्याळाच्या सेटिंगमध्ये संकटसमयी कळवायचा नंबर एकच होता. अधिक एकनं सुरू होणारा. ज्याला पोचायला दीड दिवस लागतो त्याला आधी कळणार आणि ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांना सगळ्यांत शेवटी. आई म्हणाल्या, "अरे, आधी शेजारणीला कळवायला सांग की घड्याळाला. ती भिंतीपलीकडे आहे." दीर क्षणभर गप्प झाला. मग स्वतःच सगळं बदलायला बसला, मी इकडून नंबर सांगत गेले. पहिल्या काकू. दुसरी मी, बँकेच्या लँडलाइनसकट, पण लँडलाइन तिथे घालता येत नाही असं निघालं. तिसरा तो. "तिसरा मी?" त्यानं विचारलं. आई म्हणाल्या, "मग काय पहिला?" आणि रात्री घड्याळ हातात ठेवायला त्यांनी एका अटीवर होकार दिला: ठोके बघ, जागरणाचं विचारायचं नाही. त्यानं झोपेचा रकानाच पडद्यावरून काढून टाकला, निदान तसं म्हणाला तरी.

काकूंचं एक आहे फक्त. त्या दुपारी दोन ते चार फोन सायलेंटवर टाकून झोपतात आणि ती झोप मोडायला त्यांचा नवराही धजत नाही. त्या दोन तासांचं काय करायचं ते अजून ठरायचंय.